री आली नाही

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसतं एक मोठं सभागृह. पाऊल वाजू नये असा जाड निळा गालिचा, छताला पांढरे दिवे, आणि व्यासपीठामागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला फलक: 'शल्यकक्ष परिचारिका परिषद'. समोर चारशे खुर्च्या. खुर्च्या एकमेकींना लोखंडी आकड्यांनी अडकवलेल्या, म्हणजे एकीने हलायचं तर अख्ख्या रांगेने हलायचं. दारं बंद, कारण आतला गारवा बाहेर जाता कामा नये. आणि चौथ्या रांगेत, बरोबर मधोमध, डाव्या हाताला इस्पितळाचे मॅनेजर आणि उजव्या हाताला यंत्राच्या कंपनीचे गृहस्थ, अशा दोन सुटांच्या सांदीत बसलेली एक बाई.

तिच्याकडे नीट बघून घ्या, नायिका तीच आहे. वय अठ्ठावन्न. अंगकाठी बारीक. केस असे घट्ट बांधलेले की एकाचीही बाहेर पडायची छाती नाही. गळ्यात पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र. पायात नवे बूट, आणि ते सकाळपासून चावताहेत. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरलेले, बोटं एकमेकांत गुंतवलेली. कुणाला वाटेल, प्रार्थना चाललीय. प्रार्थना वगैरे काही नव्हती. हात धुऊन, हातमोजे चढवून एकतीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहिलेल्या माणसाचे हात रिकामे झाले की आपोआप तिथेच जातात. कमरेखाली न्यायचे नाहीत, कशालाही लावायचे नाहीत. तिची सून म्हणायची, "आमच्या आई झोपतातसुद्धा अशाच. चादर अंगावर घ्यायची तर मला हाक मारतात."

मांडीवर तीन छापील कागद होते. त्या कागदांनी तिचा जीव टांगणीला लावला होता.

इस्पितळात तिचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं. बाकी मोठ्या सर्जनांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला 'पुन्हा सिस्टर' म्हणत. त्याचं असं की, पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला आत जाड कापडाच्या घड्या ठेवतात. त्यांना म्हणतात मॉप. हातरुमालाएवढा मॉप रक्ताने भिजला की आतड्यांत असा काही मिसळून जातो, की गर्दीत हरवलेलं पोर परवडलं, ते निदान रडतं तरी. म्हणून पोट उघडायच्या आधी मॉप मोजायचे, बंद करायच्या आधी मोजायचे, वरची कातडी शिवायच्या आधी परत मोजायचे. सुया मोजायच्या, चिमटे मोजायचे. एवढं करून मोजणी जुळली, तरी हिचं समाधान नाही. मास्कमागून आवाज यायचाच, "पुन्हा."

"अहो सिस्टर, आत्ताच जुळलं ना?" मोठे सर्जन वैतागायचे.

"जुळलं ना सर. मग पुन्हाही जुळेल. भ्यायचं कशाला?"

थिएटरच ते. तिथेही दिवे, तिथेही पडदे, तिथेही प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली. फरक एवढाच, की तिथला प्रेक्षक पहिल्या अंकाआधीच झोपतो, आणि तो झोपलेलाच बरा.

तिथली मोजणी एकटीचं काम नव्हे. हातमोजे घालून टेबलाला लागून उभी असते ती 'आतली'. चार हात लांब उभी राहून सामान देते, फळ्यावर आकडे लिहिते ती 'बाहेरची'. आतलीने आकडा मोठ्याने म्हणायचा. बाहेरचीने तेच सामान स्वतःच्या डोळ्यांनी मोजायचं आणि आकडा मोठ्याने परत द्यायचा. "मॉप दहा." "दहा." "सुया सहा." "सहा." आकडा परत आल्याशिवाय आतलीने पुढे सरकायचं नाही. समोरच्याचं वाक्य पडल्याशिवाय आपलं वाक्य घ्यायचं नसतं, तसंच.

पुन्हा सिस्टरची बाहेरची सोळा वर्षं एकच होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मास्कमधूनही हसलेली कळणारी. हिने आकडा म्हणायचा आणि तिने री ओढायची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एक दिवस गमतीने तिला 'री' म्हणून हाक मारली. हसण्यावारी गेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि मोजणी जुळली नाही तर? तर म्हणायचं एक वाक्य ठरलेलं होतं. पुन्हा सिस्टर ते एकतीस वर्षांत सात वेळा म्हणाली होती. "मोजणी जुळत नाही, सर. टाके थांबवा." त्या वाक्यापुढे कुणाचा मोठेपणा चालत नसे. पोरासोरांना फाडून खाणारे सर्जनसुद्धा हातातली सुई खाली ठेवत.

तर मग हे कागद कुठून आले?

महिन्यापूर्वी मॅनेजरसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं होतं. तरुण माणूस, नेहमी इस्त्रीतला, बोलणं साखरेत घोळलेलं. वाईट होता असं नाही. त्याच्याही डोक्यावर वरचे लोक होतेच, आणि वरच्यांना दर महिन्याला काहीतरी नवीन लागे.

"बसा सिस्टर. पुढच्या महिन्यात परिषद आहे. चारशे परिचारिका येणार. आपल्या इस्पितळातर्फे तुम्ही बोलायचं."

"मी? मला मास्कशिवाय बोलता येत नाही साहेब."

"तुम्ही फक्त वाचायचं. भाषण तयार आहे."

तिने चष्मा चढवला. मथळा होता, 'एक परिचारिका, एक यंत्र, शून्य चूक'. यंत्र तिच्या ओळखीचं होतं. तीन महिने थिएटरात त्याची परीक्षा चालली होती. मॉपमध्ये चिप शिवलेली, टोपलीवर धरला की यंत्र टुंग वाजवतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. तिला ते आवडलंही होतं. मोजायला आणखी एक डोळा मिळाला तर कुणाला नको आहे? पण कागदाच्या शेवटी लिहिलं होतं: 'माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते, की आता टेबलापाशी परिचारिका एक पुरेशी आहे.'

"म्हणजे बाहेरच्या..."

"सहाही जणी ठेक्यावरच्या आहेत. ठेका पुढच्या महिन्यात संपतो. नैसर्गिकपणे संपतो." मॅनेजरसाहेबांनी 'नैसर्गिकपणे' हा शब्द फुलासारखा ठेवला. "तुमच्याच तोंडून आलं की सगळ्यांना पटेल. तुमच्या हातून कधी चूक झालेली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मग त्यांनी दुसरी फाईल काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. "आणि हो, सूनबाईंची फाईल माझ्याकडेच आलीय. एक तारखेपासून कायम करून थेट थिएटरमध्येच घ्यावं म्हणतो. तुमच्या हाताखाली तयार होतील."

दोन फायलींचा काही संबंध आहे, असं ते एका अक्षराने बोलले नाहीत. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्दही खर्च झाला नव्हता.

सून वॉर्डात परिचारिका होती, तीही ठेक्यावर. तीन-तीन महिन्यांचं पत्र, असं चौदा वेळा. ताप आला तरी सांगायची सोय नाही, कारण चौदाव्याचं पंधरावं होईल की नाही याची खात्री नाही. नवरा, म्हणजे सिस्टरचा मुलगा, कारखान्यात पाळीवर. घरात तिघं, आणि तिघांची गाठ पडायची ती आठवड्यातून एकदा.

परिषदेच्या दिवशी सकाळी सासूच्या पायात बूट सुनेनेच चढवले. नवे कोरे, काळे, तिने मुद्दाम आणलेले.

"घट्ट आहेत गं."

"नवे आहेत आई, सैल होतील. त्या जुन्या चपलांत स्टेजवर गेलात तर माझी लाज जाईल. आणि ऐका, तिथे तरी कुणाला 'पुन्हा' म्हणू नका."

"बरं. मग घरी म्हणते. आमटीत मीठ घातलंस का, पुन्हा बघ."

"घातलं! दोनदा बघितलं! तुमच्या घरात येऊन मलाही रोग लागलाय." सून हसत खाली बसली, बुटाची पट्टी ओढता ओढता म्हणाली, "आई, एक तारखेला पत्र हातात पडलं ना, की मी तुमच्या थिएटरात येणार. तुमच्यासमोर उभी राहून आकडा परत द्यायचाय मला. री मावशींसारखा. लग्न होऊन आले तेव्हापासून मनात आहे. तुम्हाला हसू येईल म्हणून सांगितलं नाही."

सिस्टरला हसू आलं नाही. ती म्हणाली, "पट्टी जास्त ओढू नकोस."

सुनेला भाषणात काय आहे हे माहीत नव्हतं. आणि सांगणार तरी कसं? तुझी जागा पक्की व्हायची तर तुझ्या री मावशीला घरी बसवावं लागेल, आणि ते मला माझ्या तोंडाने म्हणावं लागेल, हे सकाळी सकाळी बुटाची पट्टी बांधणाऱ्या पोरीला कोण सांगेल?

इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हीच्या मधोमध, चौथ्या रांगेत, अडकवलेली खुर्ची.

सभागृहात पहिलं भाषण सुरू होतं. एक तज्ज्ञ गृहस्थ हात कसे धुवावेत हे चाळीस चित्रांतून समजावत होते. समोर बसलेल्या चारशे जणींनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. माशांना पोहायला शिकवावं तसं चाललं होतं. पण सगळ्या निमूट ऐकत होत्या, कारण बसायला मिळालं होतं.

सिस्टरने उठायचा प्रयत्न केला. "जरा बाहेर जाऊन येते."

"आत्ता नको," यंत्रवाले गृहस्थ कुजबुजले, आणि त्यांनी खिशातून गोळी काढून पुढे केली. "घ्या, घसा मोकळा होतो."

घसा मोकळाच होता. अडकलं होतं ते त्याच्या खाली.

तिने गोळी घेतली. गळ्यातला पट्टा मानेला घासत होता. बुटात करंगळी ठणकत होती. थिएटरमध्ये ती सहा-सहा तास एका जागी उभी राहायची, पाणीसुद्धा प्यायची नाही, पण तिथे आपण अडकलोय असं तिला कधी वाटलं नव्हतं. इथे मऊ खुर्चीवर अर्ध्या तासात तिचा श्वास कोंडला.

चहाची सुट्टी झाली. वीस मिनिटांची होती. चारशे जणींनी चहा चार मिनिटांत संपवला. सवय म्हणतात ती ही. टेबलापाशी चष्म्याला साखळी लावलेली, दुसऱ्या गावची एक प्रौढ परिचारिका उष्ट्या कपांतून चमचे वेगळे काढत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपल्या नादात म्हणाली, "चमचे बारा."

"बारा," पुन्हा सिस्टर म्हणून गेली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी खुदकन हसल्या.

"आतली ना तुम्ही?" साखळीवाली म्हणाली.

"हो. तुम्हीही?"

"मी आता सगळीच. आतली मी, बाहेरची मी. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी यंत्र आलं, दुसरी गेली." तिने चमचे ओळीने लावले. "यंत्र गुणाचं आहे हो, त्याला नाव ठेवायला जागा नाही. मॉप सांगतं बरोबर. पण सुईला कुठली चिप? सुया मी मोजते. सवयीने मोठ्याने आकडा म्हणते, आणि भिंतीकडे बघते."

"मग?"

"मग काय? भिंत काही म्हणत नाही. मीच म्हणते, बरोबर आहे." तिने शेवटचा चमचा सरळ केला. "झोप लागत नाही घरी गेल्यावर. मोजत बसते."

एवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. री होती.

"ताई, मोठी कात्री कुठे ठेवलीत? इथे कुणाला सापडेना."

"खालच्या कप्प्यात, हिरव्या घडीखाली. आज आत कोण आहे?"

"नवी पोरगी. मनातल्या मनात मोजते हो! ओठ हलताना दिसतात फक्त. मी म्हटलं, बाई गं, तोंड उघड, मी काय ज्योतिषी आहे?" री हसली, मग तिचा आवाज खाली आला. "ताई, तुमचं व्हायचंय का अजून?"

"व्हायचंय."

"वाचून टाका."

सिस्टरने हातातला कप खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

"भिंतींना कान असतात आणि शिपायाला तोंड. कागद छापायला गेले तेव्हाच कळलं मला. तुम्ही महिनाभर माझी नजर चुकवताय, मोजताना सोडून. वाचा तुम्ही. सुनेचं बघा. पोरगी गुणाची आहे. माझं काय, एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावीन."

"अगं, पण त्या दिवशीचं..."

"त्या दिवशीचं मी सोळा जन्मांत कुणाला सांगणार नाही. ठेवते. कात्री सापडली."

मोकळं करायला म्हणून तिने फोन केला, आणि आणखी एक गाठ मारून ठेवली.

ते 'त्या दिवशीचं' काय, ते आता सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वीची दुपार. ओळीने तिसरं ऑपरेशन. पुन्हा सिस्टर सकाळपासून उभी होती, डोळ्यांपुढे दिवे तरळत होते. पोट बंद करायची वेळ आली. तिने मॉप मोजले. हाताने मोजले नऊ, आणि तोंडातून निघालं, "मॉप दहा."

री आली नाही.

सर्जनांनी हात पुढे केला, "चला, दोरा द्या." थिएटरात यंत्रांची टिकटिक, आणि बाकी सगळं शांत. सिस्टरने मान वळवली. चार हातांवर बाहेरची उभी होती. मास्कच्या वर दोन डोळे. ती 'चुकलात' म्हणाली नाही, 'नऊ आहेत' असंही म्हणाली नाही. दहा लोकांत आपल्या ताईचा पाणउतारा तिला करायचा नव्हता. ती फक्त गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं सिस्टरच्या कानांत घंटेसारखं वाजलं.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली.

नऊ.

"मोजणी जुळत नाही, सर. टाके थांबवा."

दहावा मॉप यकृताच्या मागे, पार वरच्या बाजूला दडून बसला होता. पेशंट बाई होती, तीन मुलांची आई. आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेली. सर्जनांनी सगळ्यांसमोर सिस्टरची पाठ थोपटली, "तुमच्या 'पुन्हा'मुळे वाचलो!" वर्षाअखेर तिला ढाल मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठ्याने वाजवत होती ती री. सिस्टरने तिला गाठून म्हटलं, "अगं, ही तुझी आहे." री म्हणाली, "ताई, माझ्या घरात खिळा मारायला भिंत नाही. तुमच्याकडेच राहू दे." ढाल घरी टांगली गेली. गेली अकरा वर्षं ती पुसताना सिस्टर तिच्याकडे बघत नसे.

आणि तीच ढाल आता भाषणाच्या पहिल्या ओळीत होती.

घंटा झाली. चारशे जणी आत गेल्या, दारं बंद झाली. मॅनेजरसाहेब आणि यंत्रवाले गृहस्थ व्यासपीठावर जाऊन बसले. साहेबांनी ओळख करून दिली: एकतीस वर्षं, हजारो ऑपरेशनं, एकही चूक नाही. टाळ्या झाल्या. सिस्टर पाच पायऱ्या चढली. प्रत्येक पायरीला बूट चावला.

भाषणाचा मेज तिच्या हनुवटीपर्यंत येत होता. त्यावर एक छोटा दिवा होता, हिरवा. लाल झाला की वेळ संपली. समोर चारशे चेहरे, आणि एकावरही मास्क नाही. एवढे उघडे चेहरे तिने एका जागी कधी पाहिले नव्हते.

ती वाचू लागली. आवाज कापत होता. ढालीची ओळ आली, गेली. यंत्राची ओळख झाली. दुसरं पान उलटलं.

"समजा, ऑपरेशन सुरू होताना टेबलावर आहेत, मॉप दहा."

आणि ती थांबली.

कागदावर तिथे स्वल्पविरामसुद्धा नव्हता. पण एकतीस वर्षांत 'मॉप दहा' म्हटल्यावर ती कधी तशीच पुढे गेली नव्हती. जीभ आपोआप टाळ्याला चिकटली. एक क्षण, दोन क्षण. साहेबांनी मान वर केली. बाई अडखळली की काय?

तेवढ्यात मागच्या कुठल्यातरी रांगेतून सहज आवाज आला, "दहा."

आणि मग सगळं सभागृह, सवयीने, एका सुरात, "दहा!"

हशा पिकला. आपण काय केलं हे कळून सगळ्या एकमेकींच्या दंडावर चापट्या मारू लागल्या. साहेबही हसले, भाषण रंगलं म्हणून खूश झाले. सिस्टरचा कापणारा आवाज एकदम सरळ झाला. आता तिला समोर लोक दिसेनात, फळा दिसू लागला.

"सुया सहा."

"सहा!"

"चिमटे चौदा."

"चौदा!"

तिसरं पान. शेवटची ओळ. तिने ती वाचली, एकेक शब्द सुटा करून. "माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते, की आता टेबलापाशी, परिचारिका एक."

'पुरेशी आहे' हे दोन शब्द राहिले होते. ती आकड्यावर थांबली होती. थांबायचंच असतं.

री आली नाही.

चारशे बायका, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. दुसऱ्या रांगेत साखळीवालीने ओठ घट्ट मिटले होते. कुणी खोकलं नाही, खुर्ची वाजली नाही. अकरा वर्षांपूर्वीची ती शांतता होती, आणि सिस्टरने ती नेमकी ओळखली.

दिवा लाल झाला.

तिला सून दिसली. एक तारखेचं पत्र हातात घेऊन थिएटरात आलेली, हात धुतलेली, नवे हातमोजे चढवलेली. पोरगी टेबलापाशी उभी आहे, मोठ्या हौसेने आकडा म्हणतेय, आणि परत आवाज येण्याची वाट बघत भिंतीकडे बघतेय. जे तिला मिळवून द्यायचं म्हणून ही इथवर आली होती, ते हेच होतं.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली.

तिने कागद पालथे घालून ठेवले. "बायांनो, माझ्या हातून एकही चूक झाली नाही असं आत्ता सांगितलं. ते खोटं आहे. अकरा वर्षांपूर्वी मी नऊ मॉप मोजले आणि दहा म्हटले. दोरा मागितला गेला होता. माझ्या बाहेरचीने आकडा परत दिला नाही, म्हणून ती पेशंट घरी गेली. ढाल मला मिळाली. अकरा वर्षं मी ती माझ्या भिंतीवर ठेवली, आणि ती बाई सोळा वर्षं ठेक्यावरच राहिली. यंत्र चांगलं आहे. मला हवं आहे. ते आकडा सांगतं. पण मी चुकले तर माझ्याकडे बघून गप्प राहायला कुणीतरी लागतं."

मॅनेजरसाहेब उठून तिच्या मागे आले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त आता त्याला इस्त्री उरली नव्हती. "सिस्टर," ते माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "झालं ते झालं. राहिलेले दोन शब्द तेवढे म्हणा आणि खाली या. सूनबाईंची सही आजच करतो. आवरतं घेऊ या, हं?"

संबंध शेवटी बोलून झाला. दोन फायली एक झाल्या.

तिने खाली बघितलं. काळे बूट, ओढून बांधलेली पट्टी. घरी गेल्यावर त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं हे तिला माहीत नव्हतं. आठ दिवस बोलणार नाही कदाचित. कदाचित महिना. तिने बूट काढले, आणि नुसत्या मोज्यांनिशी त्या जाड निळ्या गालिच्यावर उभी राहिली. मग तिचे दोन्ही हात आपोआप वर आले, छातीपुढे, कशालाही न लागता. समोर चारशे जणी उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि रांगांच्या रांगा हात तसेच धरून होत्या.

साहेबांनी माइकवरचा हात काढला. सिस्टर त्यांच्याकडे वळली आणि रोजच्या आवाजात, ना वर ना खाली, आयुष्यात आठव्यांदा म्हणाली,

"मोजणी जुळत नाही, सर. टाके थांबवा."